गैरहजर शिपाई : सैनिकाच्या दिवाणी संरक्षणाचा इतिहास

आपल्या वाङ्मयात शिपाई दोन प्रकारे येतो. पोवाड्यात तो रणांगणावर असतो आणि लावणीत तो घरी नसतो. पोवाड्यातल्या शिपायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लावणीतल्या शिपायाच्या वाट्याला आलेल्या विरहाचीही रसिकांनी बरीच चिकित्सा केली आहे. परंतु तो घरी नसताना त्या घराचे व्यवहार कसे चालत, सावकाराचे खत मुदतीत आले म्हणजे कोण उत्तर देई, बांधाचा वाद कोर्टात गेला म्हणजे समन्स कोणाच्या हाती पडे, हा प्रश्न साहित्याने फारसा विचारलेला नाही. तो विचारला कायद्याने. कायद्याची भाषा रुक्ष असते हे खरे. तरी शिपायाच्या गैरहजेरीचा इतका बारकाईने विचार दुसऱ्या कोणत्याही लेखनप्रकाराने केलेला आम्हांस आढळत नाही. या लेखात त्या विचाराचा मागोवा घ्यावयाचा आहे.

मुळात अडचण अशी की, दिवाणी न्याय हा हजेरीवर उभा आहे. वादी आणि प्रतिवादी दोघे समोर यावेत, दोघांनी आपापले म्हणणे मांडावे आणि तिसऱ्याने निवाडा द्यावा, ही त्याची कल्पना. जो येत नाही त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसावे, असे गृहीत धरून एकतर्फी हुकूमनामा होतो. आता ज्याला राज्यानेच दूर नेऊन ठेवले आहे आणि परवानगीवाचून परत येणे हाच ज्याचा गुन्हा आहे, त्याच्या गैरहजेरीचा असा अर्थ लावता येईल काय? एकाच राज्याचा एक हात त्याला सरहद्दीवर धरून ठेवतो आणि दुसरा हात त्याला कोर्टात न आल्याबद्दल दंड करतो. सैनिकांच्या दिवाणी संरक्षणाचे सारे कायदे या एका विसंगतीतून जन्मले आहेत.

ही विसंगती जुनी आहे. रोमन कायद्यात मुलगा कितीही मोठा झाला तरी बाप जिवंत असेतो त्याची कमाई बापाची मानली जाई. ऑगस्टसच्या काळापासून सैनिक मुलाला मात्र आपल्या लष्करी कमाईची मृत्युपत्राने विल्हेवाट लावण्याची मुभा मिळाली. मृत्युपत्राचे सारे किचकट विधीही सैनिकाला माफ झाले. ही सवलत प्रथम ज्यूलियस सीझरने तात्पुरती दिली आणि पुढे टायटस, डोमिशियन, नर्व्हा व ट्रेजन या सम्राटांनी ती कायम केली, अशी नोंद रोमन न्यायशास्त्रात आहे. तिचे दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे : सैनिकांचा भोळेपणा. शिपायाला कायदा कळत नाही, म्हणून त्याला सांभाळून घ्यावे. ही कृपा आहे की न्याय, हा प्रश्न तिथेच उभा राहतो आणि पुढची दोन हजार वर्षे तो काही सुटत नाही.

आपल्याकडे धर्मशास्त्राने याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची वाटणी करताना जे धन वाटणीत येत नाही, त्यात विद्याधनाच्या जोडीने शौर्यधनाची गणना होते. नारदस्मृतीत ते आहे आणि पुढच्या निबंधकारांनी त्याची चर्चा केली आहे. शिपायाने पराक्रमाने मिळवलेले धन हे त्याचे स्वतःचे. भाऊबंदांनी त्यावर हात टाकू नये. यात शिपायाच्या भोळेपणाचा उल्लेख नाही. जिवावर उदार होऊन मिळवलेले ज्याचे त्याचे, एवढा साधा न्याय आहे. अर्थात, कुटुंबाच्या खर्चाने मिळवले असेल तर ते सामाईक, ही अटही शास्त्राने घातली होती आणि इंग्रजी अमदानीतल्या कोर्टांनी तिच्यावरून पुष्कळ शाई खर्च केली. अखेर मुकुंदराव जयकरांच्या प्रयत्नाने १९३० चा हिंदू विद्याधनाचा कायदा झाला. त्यात ‘विद्या’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की, उपजीविकेसाठी घेतलेले हरतऱ्हेचे शिक्षण तिच्यात बसते. शौर्यधन ही जुनी कोटी अशा रीतीने विद्याधनाच्या पोटात गेली.

पेशवाईच्या दप्तरांतून लढाईत पडलेल्याच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ लावून दिल्याचे दाखले मिळतात. हा शब्द आज आपण विसरलो आहोत. पण मेलेल्याच्या पोराबाळांचे संगोपन हे सरकारचे देणे आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. त्याच काळात उलट चित्रही दिसते. ब्राउटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत होता. तिथे शिपाई थकलेल्या पगारासाठी आपल्याच सरदारांच्या दाराशी धरणे धरून बसत, असे त्याने आपल्या पत्रांतून लिहिले आहे. शिपायाचा ऋणको तेथे त्याचा धनीच होता, आणि दाद मागण्यासाठी कोर्ट नसल्यामुळे त्याने स्वतःचा देहच दारात आणून ठेवला. हजेरी हेच त्याचे हत्यार होते.

कंपनीच्या राज्यात या प्रश्नाला राजकीय वजन आले. बंगालच्या पलटणीतले पुष्कळसे शिपाई अवधच्या खेड्यांतले. अवध नबाबाचे, परंतु कंपनीच्या शिपायाला घरच्या जमिनीविषयी काही तक्रार असली, तर ती लखनौच्या रेसिडेंटामार्फत दरबारात मांडण्याची त्याला सवलत होती. गावातल्या जमीनदारासमोर उभे राहताना त्याच्या पाठीशी कंपनी आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. स्लीमनने या सवलतीचा आणि तिच्या गैरवापराचाही उल्लेख केला आहे. कारण शिपायाच्या नावावर इतरांच्या तक्रारीही पुढे येत. १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि ही सवलत अर्थशून्य झाली. कालपर्यंत रेसिडेंटाकडे जाणारा शिपाई आता इंग्रजी कचेरीत इतर कोणाही रयतेसारखा उभा राहिला. दुसऱ्या वर्षी जो उठाव झाला, त्याच्या कारणांत इतिहासकार याही दुखण्याची गणना करतात. काडतुसांची कथा आपण शाळेत शिकतो. कचेरीची शिकत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर एकतर्फी हुकूमनाम्याची दहशत शिपायाआधी शेतकऱ्याने भोगली. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत लोकांनी सावकारांची खते शोधून जाळली. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. नंतरच्या चौकशीत उघड झाले की, शेतकरी कोर्टात जातच नसे आणि हुकूमनामे त्याच्या पाठीमागे होत. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना काही आधार दिला : कर्जाचा पूर्वेतिहास तपासावा, देण्यापायी शेतकऱ्यास कैद करू नये. पुढे शिपायासाठी जो कायदा झाला, त्याच्या मागची भीती आणि त्याची भाषा या दोन्ही याच घराण्यातल्या आहेत.

पहिले महायुद्ध आले आणि शिपाई समुद्रापार गेला. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी मेसोपोटेमियात उतरल्या. १९१५ च्या डिसेंबरात कुत-अल-अमारा येथे त्यांना वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. जे कैद झाले, त्यांतले पुष्कळ वाळवंटातल्या चालीत आणि कैदेच्या छावण्यांत मेले. एखाद्या खेड्यातला असा एक शिपाई कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. त्याने निघताना साध्या खतावर कर्ज घेतलेले आहे. अशा खतावरच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. सावकार लबाड नसला तरी मुदत संपण्याआधी त्याला दावा लावणे भाग आहे. समन्स निघते, घराच्या दारावर चिकटवले जाते. घरी असते त्याची बायको, जिला नवरा जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नाही. हुकूमनामा होतो, दरखास्त निघते, जमिनीचा लिलाव पुकारला जातो. यात कोणीही कायदा मोडलेला नाही. अन्याय झाला तो कायदा पाळूनच.

१९१८ साली हिंदी शिपायांच्या दाव्यांविषयीचा कायदा झाला. युद्धाचे ते शेवटचे वर्ष आणि भरतीचा जोर होता. तेव्हा या कायद्यामागे न्यायबुद्धी किती आणि भरतीची गरज किती, हे तोलून सांगणे अवघड आहे. १९२५ मध्ये त्याची सुधारून नवी आवृत्ती निघाली आणि स्वतंत्र भारतात व्याख्या बदलून ती तिन्ही दलांना लागू करण्यात आली. या कायद्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. समोरचा पक्षकार विशेष परिस्थितीत नोकरी करणारा शिपाई आहे असे वादीला वाटत असेल, तर त्याने ते दाव्यातच नमूद करावयाचे. कलेक्टरला तसे आढळले, तर तो आपण होऊन कोर्टाला कळवू शकतो. शिपायाच्या वतीने कोणी हजर नसेल, तर कोर्टाने काम थांबवून लष्करी अधिकाऱ्याला विचारावयाचे, आणि तहकुबी न्यायासाठी आवश्यक आहे असे प्रमाणपत्र आले म्हणजे काम तहकूब ठेवावयाचे. शिपायाच्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा रद्द करण्याचीही तरतूद आहे.

त्यातल्या मुदतीच्या कलमाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. शिपाई विशेष परिस्थितीत नोकरीवर होता तो काळ मुदतीतून वगळावा, हे ओघानेच आले. परंतु कलम तिथे थांबत नाही. असा शिपाई नोकरीवर असताना मेला, तर त्याच्या मृत्यूच्या दिवसापासून ती बातमी अधिकाऱ्यांनी त्याच्या वारसाला धाडली त्या दिवसापर्यंतचा काळही वगळावयाचा. म्हणजे माणूस मेलेला आहे आणि घरी तो अजून जिवंत आहे, अशा दिवसांची कायद्याने वेगळी मोजदाद केली. त्या दिवसांत घरातली बाई कपाळाला कुंकू लावीत असते, आलेल्या-गेलेल्याला ‘ते पलटणीत आहेत’ असे सांगत असते. तिचे घड्याळ त्या दिवसांत थांबलेले आहे, हे मसुदा लिहिणाऱ्याने ओळखले. त्याने भावना व्यक्त केली नाही, फक्त दोन तारखा लिहिल्या. शिवाय, ही सवलत एकट्या शिपायाला नाही. ज्या दाव्यात शिपाई पक्षकार आहे त्या दाव्याचीच मुदत लांबते. त्यामुळे सावकारालाही धीर धरता येतो आणि मुदतीच्या भीतीने घाईचा दावा लावण्याचे कारण उरत नाही.

त्याच १९१८ साली अमेरिकेनेही आपल्या सैनिकांसाठी असाच कायदा केला. तेथील यादवी युद्धात काही राज्यांनी सैनिकांवरचे दावे सरसकट थांबवले होते. पण सरसकट बंदी घातली की सैनिकाला कोणी उधारच देत नाही, हे लक्षात आल्यामुळे, पुराव्याच्या कायद्यावरील ग्रंथाबद्दल प्रसिद्ध असलेल्या विग्मोर यांचा ज्याच्या मसुद्यात मोठा वाटा होता, त्या नव्या कायद्याने निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवला. प्रतिवादी सैन्यात आहे की नाही याची शपथपूर्वक माहिती दिल्याशिवाय एकतर्फी निकाल नाही, ही त्याची मुख्य अट. पुढे १९४० मध्ये तो नव्याने झाला, १९४२ मध्ये सेवेपूर्वीच्या कर्जावरील व्याजाला सहा टक्क्यांची मर्यादा आली आणि २००३ मध्ये त्याला आजचे रूप मिळाले. आपल्या कायद्यात व्याजाचे असे कलम नाही. आपण शिपायाला वेळ दिला. पण त्या वेळात व्याज वाढतच राहते.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सेना कायद्याने दुसरी बाजू बांधून घेतली. सैनिकाचे शस्त्र, कपडे, सामान, कामाचे जनावर यांवर जप्ती येऊ शकत नाही. त्याचा पगार व भत्ते यांना कोणतेही दिवाणी किंवा महसुली कोर्ट हात लावू शकत नाही. देण्यापायी त्याला अटक होत नाही. दाव्यासाठी त्याने रजा घेतली असेल आणि तसे प्रमाणपत्र दाखवले, तर शक्यतो त्या रजेच्या मुदतीतच कोर्टाने काम पुरे करावे, असेही त्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम हेच सांगते. इतर नोकरदाराच्या पगाराचा काही भाग जप्तीला मोकळा असतो; सैनिकाचा सगळा पगार सुरक्षित आहे.

पण संरक्षण ही भिंत आहे आणि भिंतीला दोन बाजू असतात. पगारावर जप्ती नाही, ही सावकाराच्या बाबतीत चांगली गोष्ट. धनकोच्या जागी टाकलेली बायको असली म्हणजे काय? पोटगीचा हुकूम हाती असूनही पगाराला हात लागत नसेल, तर तिने कोणाच्या दाराशी धरणे धरावे? सेना कायद्याने याचे उत्तर दिले आहे. पण ते कोर्टाच्या हाती न ठेवता सरकारच्या हाती ठेवले. बायको व मुलांच्या पोषणासाठी, औरस आणि अनौरस दोन्ही मुलांसाठी, सैनिकाच्या पगारातून रक्कम कापण्याचा हुकूम लष्करी यंत्रणेमार्फत होऊ शकतो. तिला न्याय मिळतो, परंतु नवऱ्याच्या वरिष्ठांकडे अर्ज करून. हक्क आणि मेहेरबानी यांतले अंतर येथे पुन्हा दिसते.

महाराष्ट्रात ही दुसरी बाजू जमिनीच्या आणि घराच्या प्रश्नात ठळक झाली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. सैन्यात असल्यामुळे स्वतः कसू न शकणारा, म्हणून कुळाकडे जमीन देणारा लहान मालक यात भरडला जाऊ नये, यासाठी १९६४ च्या दुरुस्तीने सैनिक जमीनमालकाला कुळाकडून जमीन परत मिळवण्याचा खास मार्ग काढून दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातील तेविसावे कलम सैनिक घरमालकाला भाडेकरूकडून राहते घर परत मिळवण्याची सोपी वाट देते. दोन्ही ठिकाणी शिपाई आता ऋणको नसून मालक आहे, आणि त्याच्यासमोर उभा असलेला कूळ किंवा भाडेकरूही बहुधा दुबळाच आहे. देशाने शिपायाचे देणे लागावे हे योग्यच. परंतु ते फेडताना देशाने आपल्या तिजोरीऐवजी एखाद्या कुळाच्या बांधावर हुंडी काढली, तर ती वटवणारा कूळ कोणता गुन्हेगार असतो? पहिल्या महायुद्धात ग्लासगोमध्ये भाडेवाढीविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांत आघाडीवर गेलेल्या शिपायांच्या बायका होत्या, आणि १९१५ चा भाडे नियंत्रणाचा कायदा त्या चळवळीतून आला. मुंबईतही १९१८ मध्ये युद्धकालीन भाडे कायदा झाला. म्हणजे भाडे नियंत्रणाच्या इतिहासात भाडेकरू म्हणून आलेला शिपाई शतकाच्या अखेरीस त्याच कायद्यात मालक म्हणून उभा आहे. दोन्ही दुःखे खरी आहेत, म्हणूनच प्रश्न कठीण आहे.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत गंभीर मुद्दा : शिपायाच्या शब्दाचा. रोमन सैनिकाला मिळालेली मृत्युपत्राची सवलत इंग्रजी कायद्यातून भारतात आली. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ६५ व्या व ६६ व्या कलमांनी मोहिमेवर असलेल्या किंवा प्रत्यक्ष युद्धात गुंतलेल्या सैनिकाला विशेष मृत्युपत्राचा अधिकार दिला. स्वहस्ते लिहिलेले असेल तर सही-साक्षीचीही गरज नाही. दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितले तरी चालते. ही कलमे वाचताना कोणालाही वाटेल की, खंदकात मरणाऱ्या प्रत्येक भारतीय जवानाचा शेवटचा शब्द कायद्याने उचलून धरला आहे. तसे नाही. त्याच कायद्याच्या ५७ व्या आणि ५८ व्या कलमांनुसार हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना या भागातली फक्त तिसऱ्या परिशिष्टात मोजलेली कलमे लागू होतात, आणि त्या यादीत ६५ व ६६ नाहीत. ख्रिस्ती आणि पारशी सैनिकाला ही सवलत आहे. मुसलमान सैनिकाचे तोंडी मृत्युपत्र त्याच्या व्यक्तिगत कायद्याने मुळातच चालते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतला हिंदू किंवा महार रेजिमेंटमधला बौद्ध जवान मात्र लेखी मजकूर, सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या यांवाचून मृत्युपत्र करू शकत नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट ही की, पूर्वी असे नव्हते. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याचे विधी मुंबई शहरासारख्या ठरावीक भागांपुरते होते. साताऱ्याच्या हिंदूचे तोंडी मृत्युपत्र चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून लेखी मृत्युपत्राचे बंधन सर्व हिंदूंवर आले, पण सैनिकाची सूट त्याबरोबर आली नाही. म्हणजे कुतच्या वेढ्यातला सातारचा हिंदू शिपाई शेजारच्याला ‘माझे स्वतःचे जे आहे ते हिला द्या’ असे सांगून मरू शकत होता आणि कोर्ट ते ऐकू शकत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या त्याच्या मुलाला ते शक्य नव्हते, आणि कारगिलवर चढलेल्या पणतवालाही नव्हते. नॉमिनीचे नाव नोंदवलेले असते, असे कोणी म्हणेल. परंतु नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. विधवा आणि सासू-सासरे यांच्यातले जे वाद आज कोर्टांत आणि वर्तमानपत्रांत दिसतात, त्यांची एक मुळी येथेही असू शकते.

२०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांना कायदेशीर मदत देण्यासाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. शिपाई दूर असताना त्याच्या घरच्यांना वकील मिळावा, हा तिचा हेतू चांगलाच आहे. पण वकील देणे ही मदत आहे. कायद्यातली भेग बुजवणे हे कर्तव्य आहे. ती बुजवण्यासाठी एका परिशिष्टात दोन आकडे वाढवले तरी पुरे. जवळजवळ शंभर वर्षे ते कोणाला सुचू नये, यावरून एवढेच दिसते की, शिपायाचे स्मारक उभारणाऱ्यांची संख्या त्याचा कायदा वाचणाऱ्यांपेक्षा पुष्कळ मोठी आहे.

मृत्यू आणि बातमी यांच्यामधले दिवस मोजणारा कायदा आपल्याकडे झाला, हे आपल्या कायदेलेखनाला भूषणावह आहे. ज्याने गैरहजर शिपायाचा वेळ राखला, त्याच कायद्याने त्याचा शेवटचा शब्दही राखावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.